वेग पुरेसा, तरी इंटरनेट अडते कुठे?

घरातील एकजण फोनमधल्या छायाचित्रांचा साठा क्लाउडवर चढवायला लावतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत चाललेल्या व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटू लागतो. चेहरे गोठतात, वाक्ये अर्धवट राहतात आणि ‘ऐकू येतंय का?’ हा प्रश्न दर मिनिटाला विचारावा लागतो. जोडणीचा वेग मोजून पाहिला, तर सेवा देणाऱ्या कंपनीने कबूल केलेला आकडा जवळजवळ पूर्ण दिसतो. तक्रार केली, तर ‘लाइन ठीक आहे’ असे उत्तर मिळते. त्या उत्तरात खोटे काही नसते, कारण वेग मोजणारी चाचणी ज्या गोष्टीची चौकशी करते ती गोष्ट खरोखरच ठीक असते. दोष त्या चाचणीने न विचारलेल्या प्रश्नात दडलेला असतो.

तो प्रश्न विलंबाचा, म्हणजे लेटन्सीचा आहे. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते हे वेग सांगतो. पाठवलेल्या एका लहानशा पॅकेटाला (माहितीच्या छोट्या गठ्ठ्याला) पलीकडे पोहोचून त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो, हे विलंब सांगतो. दोन्ही मोजमापे एकमेकांपासून बरीच स्वतंत्र आहेत. साध्या ध्वनी-संभाषणाला सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरतात, म्हणजे आजच्या कोणत्याही घरगुती जोडणीचा नगण्य भाग. मात्र आवाजाचा प्रत्येक तुकडा साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतो आणि तो त्याच लयीत पलीकडे पोहोचावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बोलण्याचा ओघ सहसा बिघडत नाही. त्यापलीकडे गेल्यावर माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

वेबपानांचेही असेच आहे. नवे संकेतस्थळ उघडताना आधी त्याचा पत्ता विचारावा लागतो, मग जोडणी जुळवावी लागते, मग सुरक्षिततेच्या किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि त्यानंतर प्रत्यक्ष पान मागवले जाते. अशा साधारण चार खेपा झाल्याशिवाय पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. प्रत्येक खेपेला २० मिलिसेकंद लागत असतील, तर हा सारा खटाटोप ८० मिलिसेकंदांत आटोपतो आणि तो जाणवतही नाही. हीच खेप ५०० मिलिसेकंदांची झाली, तर दोन सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात, मग जोडणी १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिटांची) असो वा १,००० एमबीपीएसची.

हा विलंब येतो कुठून? त्याचा एक भाग निसर्गनियमाने ठरलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे १,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद लागणारच, आणि तंतू सरळ रेषेत टाकलेले नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतात. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहामार्फत जाणाऱ्या जोडणीला तर एका फेरीसाठी जवळपास अर्धा सेकंद मोजावा लागतो. दुसरा भाग पॅकेट तारेवर एकेक बिट करून ठेवण्याचा. १,५०० बाइटांचे पॅकेट १ एमबीपीएसच्या जोडणीवर ठेवायला १२ मिलिसेकंद लागतात. १०० एमबीपीएसवर मिलिसेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. हे दोन्ही भाग दिवसभर जवळपास स्थिर असतात. जोडणी सकाळी चांगली चालते आणि फायली चढू लागताच कोलमडते, त्याला कारण असतो तिसरा भाग, म्हणजे रांगेत उभे राहण्यात गेलेला वेळ. हा भाग शून्यापासून कित्येक सेकंदांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून पुढील सारे विवेचन त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

नरसाळे आणि त्यातली पातळी

रांग समजण्यासाठी नरसाळे डोळ्यांसमोर आणावे. वरचे तोंड रुंद, खालची नळी अरुंद. पाणी जपून ओतले, तर ते जसे पडते तसे खाली जाते आणि नरसाळ्यात काहीच साचत नाही. नळीच्या क्षमतेपेक्षा जरा जास्त ओतू लागले की पातळी चढू लागते. आता वर पडलेल्या थेंबाला आधी साचलेले सर्व पाणी निघून जाईपर्यंत थांबावे लागते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की नळीतून बाहेर पडणारी धार दोन्ही वेळी तेवढीच असते. वेगाची चाचणी धार मोजते. पातळी मोजत नाही.

घरगुती जोडणीवर हे नरसाळे बहुधा मोडेमच्या, म्हणजे घराला कंपनीच्या मार्गाशी जोडणाऱ्या यंत्राच्या, आत असते. घरातील संगणक आणि मोडेम यांच्यातली तार सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेते आणि मोडेमपासून बाहेर जाणारा अपलोडचा मार्ग त्या मानाने फार अरुंद असतो. रुंद मार्ग अरुंद मार्गाला मिळतो तिथे येणारी पॅकेटे तात्पुरती ठेवायला जागा लागते आणि त्या जागेला बफर म्हणतात. बफर मुळीच नसेल, तर दोन पॅकेटे एकदम आली तरी एक फेकून द्यावे लागेल. म्हणजे बफर हवाच. तो किती मोठा हवा, यावर सारे अडते.

एक हिशेब करून पाहू. लिनक्स या संगणक-प्रणालीत नेटवर्क कार्डाच्या रांगेची प्रचलित मर्यादा वर्षानुवर्षे १,००० पॅकेटांची होती. १,५०० बाइटांची १,००० पॅकेटे म्हणजे १ कोटी २० लाख बिट. एवढी रांग १,००० एमबीपीएसच्या तारेवर १२ मिलिसेकंदांत रिकामी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. १०० एमबीपीएसवर तिला १२० मिलिसेकंद लागतात. अपलोड १० एमबीपीएसचे असेल, तर तीच रांग रिकामी व्हायला १.२ सेकंद लागतात आणि शेवटी उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटाला तेवढा वेळ तिष्ठत राहावे लागते. यंत्र बनवणाऱ्याने सर्वांत वेगवान जोडणीसाठी योग्य म्हणून ठेवलेला बफर मंद जोडणीवर असा शंभरपट महाग पडतो. स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या, पॅकेट हरवणे म्हणजे दोष असा समज दृढ झाला आणि बफर वाढत गेले.

पाठवणारा थांबत का नाही?

इथे एक शंका रास्त आहे. पाठवणाऱ्या संगणकाला समोरची रांग वाढताना कळत कसे नाही? उत्तरासाठी १९८६ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधला दुवा कोसळला. अंतर अवघे ४०० यार्ड. पण वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार शाबूत होती. रांगा भरल्यामुळे पॅकेटे हरवत होती, हरवली म्हणून संगणक ती पुन्हा पाठवत होते आणि पुन्हा पाठवल्यामुळे रांगा आणखी भरत होत्या. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह यावर उपाय शोधला आणि १९८८मध्ये तो प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवत जावे, पॅकेट हरवल्याचे कळताच तो झटक्यात बराच कमी करावा आणि मग पुन्हा हळूहळू वाढवावा, असे त्याचे स्वरूप आहे. टीसीपी या नियमसंचात तो उपाय समाविष्ट झाला. इंटरनेट आजवर तगून राहिले, त्याचे मोठे श्रेय या संयमाकडे जाते.

या व्यवस्थेचा पाया मात्र एकाच खुणेवर उभा आहे: पॅकेट हरवणे. नरसाळे वरून वाहू लागले, तरच ओतणाऱ्याला कळते की हात आवरायला हवा. नरसाळे लहान असेल, तर ते लवकर वाहते, खूण लवकर मिळते आणि पातळी फार चढत नाही. नरसाळ्याऐवजी हौद ठेवला, तर तो काठोकाठ भरेपर्यंत टीसीपीला काहीच कळत नाही, आणि हौद भरल्यावरही मोठी फाइल पाठवणारा त्याला सतत भरलेलाच ठेवतो. पॅकेटे हरवू नयेत म्हणून दिलेली मोठी जागा अशा रीतीने सावधगिरीची खूणच पुसून टाकते. मला या साऱ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण यात कोणाचीही चूक वरवर दिसत नाही; प्रत्येकाने आपापल्या परीने चांगलेच करायचे ठरवले होते.

बेल लॅब्जमध्ये काम करणारे जिम गेटिस २०१० साली आपल्या घरच्या केबल जोडणीवरून मोठ्या प्रमाणात फायली पाठवत असताना विलंब सेकंदाच्या पलीकडे गेलेला त्यांच्या लक्षात आला. त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला, अनेक ठिकाणच्या जोडण्यांवर तेच आढळले आणि या दोषाला त्यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिले, म्हणजे फुगलेल्या बफरांचे दुखणे. अनंत जागा दिली तरी कोंडी सुटत नाही, हे संगणकतज्ज्ञ जॉन नेगल यांनी १९८५मध्येच लिहून ठेवले होते. परंतु प्रत्येक घरात तो अनुभव येऊ लागेपर्यंत ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

अपलोडची रांग डाउनलोडलाही का मारते, हेही येथेच सांगितले पाहिजे. फाइल उतरवताना आपला संगणक ‘इथपर्यंत मिळाले’ अशा लहान पोचपावत्या सतत पाठवत असतो. ढोबळमानाने त्या उतरत्या माहितीच्या दोनेक टक्के असतात. त्या ज्या वाटेने जातात ती वाट छायाचित्रांच्या अपलोडने भरून गेली असेल, तर पावत्या अडकतात, पावती न मिळाल्याने पलीकडचा सर्व्हर हात आखडतो आणि रिकाम्या असलेल्या डाउनलोडच्या मार्गावरही वेग घटतो. एकाचे अपलोड सुरू होताच सगळ्या घराचे इंटरनेट मंदावण्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

आपल्या घरात हे घडते का, ते कसे पाहावे

तपासणीसाठी विशेष काही लागत नाही. माइक मूस यांनी १९८३मध्ये लिहिलेला ‘पिंग’ नावाचा, पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ दाखवणारा छोटा प्रोग्रॅम आजही जवळपास प्रत्येक संगणकात असतो. संगणक तारेने राउटरला जोडावा, बाहेरच्या एखाद्या स्थिर सर्व्हरला सतत पिंग करत राहावे आणि जोडणी रिकामी असताना येणारा आकडा लिहून ठेवावा. मग दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल चढवायला सुरुवात करावी आणि आकड्यांकडे पाहत राहावे. १५ मिलिसेकंदांचे २५ झाले, तर काळजीचे कारण नाही. १५चे ४०० किंवा १,२०० झाले, तर निदान झाले असे समजावे. तोच प्रयोग डाउनलोडसाठी वेगळा करावा, कारण दोन्ही दिशांना दोन वेगळी नरसाळी असतात. डाउनलोडचे नरसाळे सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला असते.

अलीकडच्या काही वेग-चाचण्या भार असतानाचा विलंबही दाखवतात, तोही पाहावा. ॲपलने २०२१च्या मॅकओएससोबत दिलेली चाचणी तर भाराखाली मिनिटाला किती फेऱ्या पूर्ण होतात ते सांगते. तिथे आकडा जितका मोठा तितके चांगले. ही मांडणी मला मिलिसेकंदांपेक्षा समजायला सोपी वाटते, कारण लोकांना ‘जास्त म्हणजे चांगले’ असे वाचायची सवय असते.

वायफायवरून तपासणी केली, तर मात्र दोन दोष एकात मिसळतात. म्हणून एका खिडकीत बाहेरच्या सर्व्हरला आणि दुसऱ्या खिडकीत स्वतःच्या राउटरलाच पिंग करावे. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल, तर दुखणे घरातल्या हवेत आहे. राउटरचा स्थिर आणि बाहेरचा चढत असेल, तर ते राउटरच्या पलीकडे आहे.

रांग आपल्या ताब्यात आणणे

उपायाची कल्पना ऐकताना उलटी वाटते: जोडणी मुद्दाम थोडी हळू करायची. मोडेमच्या आतल्या बफरावर आपले काही चालत नाही. पण मोडेमच्या आधी आपला राउटर, म्हणजे घरातल्या सर्व यंत्रांची पॅकेटे पुढे पाठवणारे यंत्र, असतो. मोडेम २० एमबीपीएस अपलोड करू शकत असेल आणि राउटरने १८ एमबीपीएसच पुढे सोडले, तर मोडेममध्ये पातळी चढतच नाही, कारण नळीच्या क्षमतेपेक्षा कमीच पाणी तिथे पोहोचते. रांग आता राउटरमध्ये लागते, आणि राउटरमधल्या रांगेला शिस्त लावणे आपल्या हातात असते.

ती शिस्त दोन प्रकारची असते. पहिली, रांग लांब होऊ न देणे. यासाठी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेटे आहेत हे ती मोजतच नाही. प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले एवढेच ती पाहते. पॅकेटांचा जथा एकदम आल्यामुळे क्षणभर लागलेली रांग निरुपद्रवी असते, ती आपोआप ओसरते. परंतु प्रतीक्षेचा किमान काळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर ही रांग ओसरणारी नव्हे असे ओळखून कोडेल एक पॅकेट फेकते, आणि फरक पडला नाही तर क्रमाक्रमाने अधिक वेळा फेकू लागते. हौद भरायची वाट न पाहता ओतणाऱ्याला वेळेवर दिलेला हा इशारा आहे. पॅकेट टाकून देणे म्हणजे हानी, अशी समजूत असलेल्या वाचकाला हे खटकेल. पण टाकलेले एक पॅकेट पुन्हा पाठवले जाते, तर रांगेत वाया गेलेला वेळ कोणीच परत करत नाही.

दुसरी शिस्त न्यायाची. मोठ्या फाइलची शेकडो पॅकेटे आणि आवाजाचे एकुलते एक पॅकेट यांना एकाच रांगेत उभे केले, तर आवाजाचा बळी जाणारच. म्हणून प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करायची आणि आळीपाळीने प्रत्येक रांगेतून थोडे थोडे पुढे पाठवायचे. जो प्रवाह अधूनमधून एखादेच पॅकेट पाठवतो, त्याची रांग जवळपास नेहमी रिकामी असते, त्यामुळे त्याचा नंबर लगेच लागतो. कॉल कोणता आणि डाउनलोड कोणते, हे राउटरला ओळखावेही लागत नाही. वागणुकीवरून ते आपोआप ठरते. कोडेल आणि ही विभागणी एकत्र करणारी ‘एफक्यू-कोडेल’ पद्धत २०१२पासून लिनक्समध्ये आहे, आणि तिचा पुढचा अवतार ‘केक’ २०१८पासून. केक प्रवाहांसोबत घरातल्या यंत्रांमध्येही समान वाटणी करते, त्यामुळे एका संगणकाने एकाच वेळी पन्नास जोडण्या उघडल्या, तरी त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत.

वेगाला घातलेली मर्यादा आणि ही रांगेची शिस्त यांच्या जोडगोळीला राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ असे नाव आढळते. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर-प्रणालीत ते सहज बसवता येते. काही तयार राउटरांतही ते असते. लावताना आधी तारेने जोडलेल्या संगणकावरून, वर्दळीच्या वेळी, तीन-चार वेळा वेग मोजावा आणि त्यातल्या कमी आकड्याचा विश्वास धरावा. त्याच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा दोन्ही दिशांना घालावी, भार देऊन पिंग पाहावे, आणि विलंब चढत नाही तोवर मर्यादा थोडी थोडी वाढवत न्यावी. अपलोडच्या बाजूला नियंत्रण थेट असल्याने थोडी सूट पुरते. डाउनलोडच्या बाजूला पॅकेट अरुंद जागा ओलांडून आलेले असते; राउटर ते फेकून दूरच्या सर्व्हरला केवळ आडून इशारा देतो, म्हणून तिथे जरा अधिक जागा मोकळी सोडावी लागते.

दोन खाचाखोचा इथे नवख्याला हमखास छळतात. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या अनेक जुन्या जोडण्यांवर माहिती ५३ बाइटांच्या कप्प्यांत भरली जाते आणि त्यातले ४८ बाइटच कामाचे असतात, तेव्हा हा वाढीव खर्च राउटरला सांगितला नाही, तर घातलेली मर्यादा प्रत्यक्षात ओलांडली जाते. दुसरी अडचण प्रोसेसरची. वेगवान जोडण्यांसाठी राउटर पॅकेटे एका खास चिपेतून परस्पर पुढे ढकलतात आणि एसक्यूएमला ती पळवाट बंद करावी लागते, कारण परस्पर गेलेल्या पॅकेटाला शिस्त लावता येत नाही. मग सारा भार सामान्य प्रोसेसरवर येतो, आणि तो दुबळा असेल तर वेग अर्ध्यावर येऊ शकतो. जोडणी फार वेगवान असेल, तर फक्त अपलोडलाच मर्यादा घालणे हा चांगला मधला मार्ग ठरतो.

राउटरमध्ये असले काहीच नसेल, तर साधे उपाय उरतात. क्लाउडवर साठा चढवणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमांत अपलोडची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय असते. ती एकूण अपलोडच्या निम्म्यावर ठेवावी आणि मोठे साठे रात्री चढवावेत. उपाय ओबडधोबड आहे, पण लागू पडतो.

हवेतली कोंडी

वायफायचा प्रकार निराळा आहे, कारण तिथे मार्गच सामाईक असतो. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. बाकीच्यांनी ऐकत थांबायचे असते. भिंतीआडचा, क्षीण संदेश मिळणारा फोन तीच माहिती कमी वेगाने पाठवतो, म्हणून तो हवेचा वेळ अधिक खातो आणि राउटरशेजारचा वेगवान संगणकही त्याच्यामुळे खोळंबतो. माझा अनुभव असा की घरातले सर्वांत दूरचे यंत्र जवळ आणल्याने बाकीच्या सगळ्यांचे इंटरनेट सुधारते, आणि हे सांगितल्यावर कोणाचाही चटकन विश्वास बसत नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या, एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच मिळतात, १, ६ आणि ११. दाट वस्तीत त्या तिन्हींवर शेजाऱ्यांचे राउटर बोलत असतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, मात्र ते तरंग भिंतीपुढे लवकर हार मानतात. तेव्हा जे यंत्र जागचे हलत नाही, म्हणजे टीव्ही, मेजावरचा संगणक, खेळाचे यंत्र, त्याला तार द्यावी. त्या यंत्राला स्थिर विलंब मिळतो आणि हलत्या यंत्रांना हवा मोकळी होते.

ज्याचा उपयोग होत नाही

अधिक वेगाचे पॅकेज घेणे हा पहिला सुचणारा उपाय. नळी रुंद झाली की तेवढेच नरसाळे लवकर रिकामे होते, त्यामुळे थोडा फरक पडतो. पण मोठी फाइल पाठवणारा टीसीपी मिळेल तेवढी नळी भरतोच, आणि नव्या मोडेमचा बफरही बऱ्याचदा वेगाच्या प्रमाणात मोठा असतो. पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर बदलल्याने चारपैकी एकच खेप सुधारते. खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या राउटरांतली ‘प्राधान्य द्या’ ही यादी तर, रांग मोडेममध्येच लागत असेल, तोवर निव्वळ शोभेची असते: प्राधान्य दिलेले पॅकेट राउटरमधून आधी निघते आणि मोडेमच्या रांगेत जाऊन उभे राहते. वेगाची मर्यादा न घालता केलेल्या कोणत्याही प्राधान्यक्रमाला हाच आक्षेप लागू होतो.

कोंडी घराबाहेर असेल, तर राउटरमध्ये काहीही केले तरी ती हटत नाही. एका भागातली अनेक घरे सेवा देणाऱ्याच्या एकाच मार्गावर जोडलेली असतात, आणि तो मार्ग भरत आला की विलंब सरळ रेषेत न वाढता एकदम उसळतो. पॅकेटे पूर्णपणे यादृच्छिक रीतीने येतात असे धरले, तर मार्ग निम्मा भरलेला असताना एका पॅकेटाला रिकाम्या मार्गाच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के भरल्यावर दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी, घरात काहीही चालू नसताना, तारेने जोडलेल्या संगणकावरही पिंग चढत असेल, तर हे त्याचे लक्षण समजावे. आठवडाभराच्या वेळांसह आकडे नोंदवून तक्रार केली, तर ती टाळणे अवघड जाते. मार्गातील टप्पे दाखवणाऱ्या साधनाचा पुरावा देताना मात्र जपावे: मधले राउटर अशा चौकशीला उत्तर देण्याचे काम सर्वांत शेवटी करतात, म्हणून मधल्या एका टप्प्यावर मोठा विलंब दिसला आणि पुढचे टप्पे नीट असतील, तर तो दोष नव्हे. चढलेला आकडा शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून राहिला, तरच तो खरा मानावा.

पाठवणाऱ्याच्या बाजूनेही सुधारणा होत आहेत. गूगलने २०१६मध्ये मांडलेली ‘बीबीआर’ पद्धत पॅकेट हरवण्याची वाट न पाहता मार्गाचा वेग आणि फेरीचा किमान वेळ मोजून स्वतःचा वेग ठरवते. जानेवारी २०२३मध्ये प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘एलफोरएस’ या रचनेत राउटर पॅकेट न फेकता त्यावर कोंडीची खूण करतो आणि पाठवणारा त्या खुणांच्या प्रमाणात बारीकसा आवरतो, त्यामुळे रांग मिलिसेकंदाच्या आसपास ठेवता येते. त्यासाठी दोन्ही टोकांचे संगणक आणि मधली अरुंद जागा या सर्वांनी ती भाषा बोलावी लागते, त्यामुळे ती सर्वत्र रुळायला वेळ लागेल.

एका प्रकारच्या जोडणीला वर सांगितलेली स्थिर मर्यादा मात्र नीट बसत नाही. मोबाइल टॉवरवरून किंवा खालच्या कक्षेतील उपग्रहांवरून येणाऱ्या इंटरनेटचा वेग दर मिनिटाला बदलत असतो. मर्यादा कमी ठेवली, तर बराचसा वेग वाया जातो आणि जास्त ठेवली, तर नळी अचानक अरुंद झाल्यावर रांग पुन्हा मोडेममध्ये जाऊन बसते. अशा ठिकाणी ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारी एक स्वयंचलित आज्ञावली वापरली जाते: ती सेकंदाला अनेक वेळा बाहेर पिंग करते, विलंब चढू लागताच केकची मर्यादा खाली आणते आणि तो उतरला की हळूहळू वर नेते. तिला खालची, वरची आणि मधली अशा तीन मर्यादा सांगाव्या लागतात. त्यातली खालची मर्यादा जोडणीच्या सर्वांत वाईट दिवशी मिळालेल्या वेगाएवढी ठेवावी.